दुकान बंद करा म्हणणाऱ्यांना

‘गावात माणूसच उरलं नाही, तर दुकान चालवायचं कुणासाठी?’ कोकणातल्या किराणा दुकानदाराला हे उठसूट ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्यांच्या हाताशी जनगणना असते आणि तिचे आकडे खरेच आहेत. २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या सोळा टक्क्यांनी वाढली; रत्नागिरी जिल्ह्याची मात्र जवळपास १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गही घटला.

आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. गिऱ्हाईक गेलेलं नाही, त्याची फोड झाली आहे: खाणारी आई वाडीत, पैसे भरणारा मुलगा विरारला. पूर्वी मनीऑर्डर आईच्या हातात पडायची, आता मुलगा थेट दुकानदाराच्या फोनवर पैसे टाकतो. हे ज्यांनी ओळखलं ते तगले. पाच किलोची पिशवी घेऊन काकींना घाटी चढवत नाही, म्हणून ते अर्ध्या किलोच्या पुड्या बांधतात. तालुक्याला माल भरायला जाताना चार घरांच्या औषधांच्या चिठ्ठ्या खिशात असतात. दोन दिवस काकी दिसल्या नाहीत, की दार वाजवायला कुणीतरी जातं. दुकानदार याला शेजारधर्म म्हणतात आणि पैसे घेत नाहीत. माझ्या मते घ्यायला हवेत. विरारच्या मुलाला हेच काम हवं आहे, आणि फुकटची सेवा दुकानदार थकला की थांबते.

‘आता सगळं ऑनलाइन मिळतं’ असंही म्हणतात. पार्सल नाक्यापर्यंत येतं. वर वाडीत कोण चढणार? कुरिअरवाला ते याच दुकानात ठेवून जातो.

‘होमस्टे काढा’ हा सल्ला किनाऱ्यावरच्या गावांना ठीक. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीत पर्यटक फिरकत नाही. गणपती-शिमग्यात उधारी वसूल होते हे खरं, पण चाकरमानी बरंचसं सामान मुंबईहूनच भरून आणतात. दुकान तगतं ते आषाढातल्या भिजक्या दुपारी मीठ-साखर न्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांवर.

गावातल्या पिठाच्या गिरणीचं दुखणं वेगळं आहे. रोज चालवण्याएवढी दळणं येत नाहीत, म्हणून मालक आठवड्याचे दोन वार ठरवून देतो, डबे साठवतो आणि एका दमात दळतो. त्यानं आपल्या परीनं काटकसर केली. वीजबिलातला स्थिर आकार मात्र मोटर बंद असली तरी दर महिन्याला लागतोच.

सरकारनं इथे हात घालावा. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये काढायला पंचाहत्तरी ओलांडलेली बाई तालुक्याला जाते. एसटीचं तिकीट तिला माफ आहे, पण अख्खा दिवस जातो. बँकेचं यंत्र दुकानात असलं तर तेच काम तिथे अंगठा लावून होतं. त्याचं कमिशन दुकानदाराला परवडेल एवढं द्या, आणि गिरणीचा स्थिर आकार ती चालते तेवढ्याच दिवसांचा घ्या.