शंभर टक्के लीगल, पण कुणासाठी?

सिंधुदुर्गातल्या माणसाला ‘कायदेशीर’ या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. इन्सुलीच्या चेकनाक्याने तो शिकवलेला असतो. पत्रादेवीपलीकडे दुकानात राजरोस मिळणारी बाटली परवान्याशिवाय बांद्यात आली की मुद्देमाल होते. बाटली तीच, दारू तीच, पिणाराही तोच.

तरी याच जिल्ह्यातली, माझ्या वयाची, शिकलीसवरलेली पोरं इन्स्टाग्रामवर ‘१००% लीगल’ अशी पाटी वाचतात आणि लगेच यूपीआयचा पिन टाकतात, याचं मला नवल वाटतं. माल भांगेचा असतो, पण जाहिरातीत भांग हा शब्द सापडणार नाही. ‘विजया’ असतं, ‘सीबीडी’ असतं, ‘हेम्प’ असतं, ‘वेलनेस’ तर असतंच असतं. झोप येत नाही? दोन थेंब. गुडघे दुखतात? दोन थेंब. मॅनेजर छळतोय? तेच दोन थेंब. कणकवलीचा पिनकोड टाका, चार-पाच दिवसांत कुरिअरवाला पटवर्धन चौकातून फोन करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की या ‘लीगल’चा सगळा फायदा विकणाऱ्याच्या पदरात पडतो. बाटलीत काय आहे हे त्यातून घेणाऱ्याला कळत नाही, आणि उद्या कुणी दार ठोठावलं तर तो शब्द त्याच्या बाजूने उभाही राहत नाही.

मी वकील नाही, डॉक्टर नाही. कणकवलीत बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करणारा सॉफ्टवेअरवाला आहे. पण दुसऱ्याने लिहिलेलं स्पेसिफिकेशन वाचायचं आणि त्यात भोक कुठे आहे ते शोधायचं, हा माझा रोजचा धंदा. १९८५चा अमली पदार्थांचा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो मी त्याच नजरेने वाचला. व्याख्या कलम २ मध्ये आहे. चरस म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ. गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. या दोन्हींचं मिश्रण किंवा त्यापासून केलेलं पेय हेही त्यातच. आणि मग एक कंस: शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया वगळून. भांग पानांची, म्हणून ती या कायद्याबाहेर. हा कंस कुणा भांगप्रेमी बाबूने गुपचूप घुसवलेला नाही. १९६१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही तो असाच आहे.

आता नीट बघा. या व्याख्येत नशेचं नाव नाही. टीएचसी, म्हणजे ज्याने डोकं फिरतं तो घटक, त्याचे मिलिग्रॅम नाहीत. झाडाचा कुठला भाग वापरला, एवढंच कायदा विचारतो. पानांत टीएचसी कमी असतं, पण शून्य नसतं. आणि पानांचा अर्क काढून तो आटवला की ते ‘कमी’ कुठल्या कुठे जातं. कायदेशीर पानाचा घट्ट अर्क बेकायदा शेंड्याइतकी झिंग देऊ शकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हॅलिडेशन इनपुटवर लावलंय, आउटपुट कुणी बघतच नाही.

बरं, ही झाली दिल्लीची गोष्ट. केंद्राने सोडलेली भांग राज्यांच्या ताब्यात आहे. उत्तर प्रदेशात, राजस्थानात परवान्याची भांगेची दुकानं आहेत. जैसलमेरच्या दुकानासमोर फोटो काढून आलेला एक तरी मित्र तुम्हाला असेलच. गुजरातने २०१७ मध्ये भांग आपल्या दारूबंदी कायद्यातल्या मादक द्रव्यांतून वगळली. गुजरातने! आपल्याकडे मात्र १९४९चा दारूबंदी कायदा आहे, आणि त्याच्या कलम ६६ खाली परवान्याशिवाय भांग करणं, बाळगणं, पिणं हा गुन्हा आहे. तेव्हा होळीला व्हॉट्सॲपवर फिरणारं ‘भांग लीगल आहे भावा’ हे अर्धंच वाक्य आहे. उरलेलं अर्धं इन्सुलीला गाड्या थांबवणाऱ्या राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या खिशात आहे.

तशीच दुसरी अफवा: एक किलोपर्यंत गांजा चालतो. नाही चालत. एक किलो ही ‘अल्प प्रमाणा’ची रेघ आहे, शिक्षा किती ते ठरवायला. तिच्या आतही एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टपरीमागच्या पुडीबद्दल या लेखात याहून जास्त काही नाही.

पान आणि शेंडा हा फरक कागदावर सोपा दिसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ४८ किलो मालाचं प्रकरण जामिनासाठी आलं. जप्तीच्या वेळचं वर्णन हिरव्या पालेदार पदार्थाचं होतं, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात फुलं-फळांचे शेंडे उगवले होते. न्या. भारती डांगरे यांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं आणि जामीन दिला. त्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने भांगेच्या पाकिटांसह पकडलेल्या एका माणसाला जामीन देताना भांग एनडीपीएसमध्ये बसत नाही असं म्हटलं. आमचे ‘लीगल’वाले हे निकाल नाचवतात. पण तो माणूस जूनच्या सुरुवातीला पकडला गेला होता. जूनपासून ऑगस्टपर्यंत तो त्या कंसाची किंमत मोजत होता.

कंपन्यांनी काढलेली वाट वेगळी, आयुर्वेदाची. ती खोटी नाही. भांग घातलेलं जातिफलादि चूर्ण वैद्य पिढ्यान् पिढ्या देत आलेत. औषधांच्या नियमांत अनुसूची ई(१) म्हणून आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे, तीत भांग आहे. म्हणून पोटात घ्यायच्या अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते. बनवायला परवाना लागतो. विकायला मात्र, केमिस्टला लागतो तसा परवाना आयुर्वेदिक औषधाला लागत नाही. म्हणजे या सगळ्या साखळीत देखरेख करणारा माणूस एकच उरतो: व्हिडिओ कॉलवरचा ‘मोफत सल्ला’वाला डॉक्टर. आणि त्याचा पगार कोण देतं? तेल विकणारा.

असा एक सल्ला मी मावशीच्या शेजारी बसून ऐकलाय. कंपनीचं नाव घेत नाही. मावशीचे गुडघे गेलेत, हृदयाची झडप बदललेली आहे, त्यामुळे रोज वॉरफेरिन. डॉक्टरांनी वय विचारलं, वजन विचारलं, झोप विचारली. चालू गोळ्या विचारल्या नाहीत. मी मध्ये तोंड घालून वॉरफेरिनचं सांगितलं तर उत्तर आलं, “नॅचरल आहे सर, काही होत नाही.” कॉल संपल्यावर मावशी म्हणाली, “झिला, नॅचरल तर काजरो पण आसा.” (काजरा ज्यांना माहीत नाही त्यांनी कोकणातल्या कुणालाही विचारावं. त्याच्या बिया विषारी असतात.)

मावशीचं बरोबर होतं. यकृतातली जी एन्झाइम्स वॉरफेरिन मोडतात, त्यांच्या कामात सीबीडी अडथळा आणतं. औषध मोडायचं मंदावतं, रक्त हवं त्यापेक्षा पातळ होतं. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या आहेत. सीबीडी हे खरंखुरं औषध आहे, म्हणूनच त्याला दुष्परिणामही खरेखुरे आहेत. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये एपिडायोलेक्स नावाने ते मान्य केलं, अपस्माराच्या दोन दुर्मीळ आजारांसाठी. तिथे मात्रा वजनावर, दिवसाला किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम. आता आपले ‘दोन थेंब’ त्याच्याशेजारी ठेवा.

हे गणित करायलाच हवं, कारण लबाडी इथेच आहे. लेबलवर ठळक अक्षरात ‘३००० मिग्रॅ’. कशाचे? बारीक अक्षर वाचलं की कळतं, विजया अर्काचे. अर्कात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हा प्रश्न तसाच राहतो. बाटली ३० मिलिलिटरची असेल तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिग्रॅ अर्क, मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले तर थेंबाला ५ मिग्रॅ. अर्कात टीएचसी ४० टक्के असेल तर थेंबाला २ मिग्रॅ, ४ टक्के असेल तर ०.२. दहापट फरक, आणि पुढच्या बाजूचा आकडा तोच! कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, आणि तिथे खाण्याच्या पदार्थाच्या एका पाकिटात १० मिग्रॅपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. तो आकडा पाकिटावर छापावाच लागतो. याला म्हणतात कायदेशीर.

त्यात पोटातून घेतलेला माल चढायला अर्धा तास ते दोन तास घेतो. ‘काहीच होत नाहीये’ म्हणून माणूस आणखी घेतो, आणि दोन्ही डोस एकदम येतात, तेव्हा तो कदाचित स्कूटरवर हायवेच्या उड्डाणपुलावर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ला दारू आणि ड्रग दोन्ही सारखीच. तिथे ‘आयुर्वेदिक होतं’ म्हणून बघा.

मावशीच्या बाटलीवर क्यूआर कोडही होता. स्कॅन केल्यावर प्रयोगशाळेचा अहवाल उघडला. बॅच नंबर बाटलीवरच्याशी जुळेना. कस्टमर केअरने सांगितलं, “रिपोर्ट सगळ्या बॅचना सेमच असतो सर.” म्हणजे फाइल एक आणि चेकसम दुसऱ्याच फाइलचा. हे आपल्याकडेच होतं असं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तर जेमतेम ३१ टक्क्यांच्या लेबलवरचा आकडा बरोबर निघाला, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. हा अभ्यास ‘जामा’मध्ये आला होता.

हेम्प सीड ऑइल हा आणखी वेगळा प्रकार. एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२१ मध्ये बिया, बियांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. तेलात टीएचसी किलोला १० मिग्रॅपर्यंत, सीबीडी ७५ मिग्रॅपर्यंत. म्हणजे ३० मिलिलिटरच्या बाटलीत सीबीडी फार तर २ मिग्रॅ. जवस खाता तसं खा, चांगलं आहे. पण ‘दुखण्यावर’ म्हणून कुणी ते हजार रुपयांना गळ्यात मारत असेल तर तुम्ही सॅलडचं तेल घेताय.

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो, नाहीतर ती खूश होईल. ‘बघा, म्हणूनच सगळं बंद करा’ म्हणणारी पार्टी. आपल्या भाषेत ‘भांगेत तुळस’ ही म्हण आहे, ‘गांजेकस’ ही शिवी आहे. चर्चा तिथेच संपते. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये आयोग नेमून हजारावर साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी नको असा निष्कर्ष काढला. सव्वाशे वर्षांनंतर, डिसेंबर २०२०च्या अखेरीस, गोव्याच्या कायदा खात्याने औषधी लागवडीच्या प्रस्तावाला हिरवा कंदील दाखवला, तर एवढा गदारोळ झाला की विषयच बारगळला. त्याच महिन्यात भारताने संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायच्या बाजूने मत दिलं होतं. बाहेर एक, घरात एक. मावशीसारख्या दुखणेकऱ्याला हवा असतो मोजून दिलेला, तपासलेला डोस. बंदीवाले तिला टपरीकडे ढकलतात आणि वेलनेसवाले इन्स्टाग्रामकडे.

महाराष्ट्र सरकारला हे सोडवायला क्रांती करायची नाही. विजयाचं औषध प्रिस्क्रिप्शनवर बाळगणाऱ्याला १९४९चा कायदा लागतो की नाही, हे एका पानावर लिहून द्यावं. टीएचसी आणि सीबीडी मिलिग्रॅममध्ये, वेगवेगळं, पुढच्या बाजूला छापायला लावावं. आणि बॅचचे अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर नकोत, सरकारच्या पोर्टलवर हवेत. सातबारा ऑनलाइन आणणाऱ्या राज्याला एक पीडीएफ जड जाऊ नये.

तोवर घ्यायचंच असेल, तर तुमच्या गोळ्या माहीत असलेल्या आणि तेल न विकणाऱ्या डॉक्टरला आधी विचारा. बॅच नंबर जुळत नसेल तर बाटली परत. अहवालात जड धातू आणि कीटकनाशकांची तपासणी बघा. हे झाड जमिनीतले धातू ओढून घेतं. पंचविशीच्या आत असाल, किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर टीएचसीच्या वाटेलाच जाऊ नका. हा प्रश्न विक्रेत्याने तुम्हाला विचारला नसेल तर तेवढ्यावरूनच त्याला ओळखा. बिल आणि प्रिस्क्रिप्शन औषधासोबत ठेवा.

आणि हे खास आमच्याकडच्यांसाठी, कारण इथल्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी आखातात असतो. दुबईला सीबीडी तेलही चालत नाही, भारतातलं बिल दाखवलं तरी. सुट्टी संपवून परत जाताना आई बॅगेत कोकम, काजू, मालवणी मसाला भरते, त्यात गुडघ्याचं तेल म्हणून ही बाटली गेली नाही ना, ते झिप लावण्याआधी एकदा बघा.