पाण्याला न मानणारा जोडा

दसरा उलटला की आपल्या घरांत आवराआवर सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, पितळेची भांडी चिंचेने लखलखू लागतात, पडदे बादलीत भिजत पडतात. जोडे-चपलांच्या कपाटाकडे मात्र सर्वांत शेवटी लक्ष जाते. दार उघडावे, तो पावसाळाभर अंधारात बसलेले स्वेडचे बूट पांढऱ्या बुरशीची शाल पांघरून समोर उभे! मग कोणी म्हणतो, ‘पॉलिश मारा.’ कोणी म्हणतो, ‘साबणाने धुऊन टाका.’ वाचकहो, या दोन्ही उपायांनी जोडा कायमचा हातचा जातो.

मी पडलो भाषेचा मास्तर. वस्तू समजून घ्यायची तर आधी शब्दाकडे वळतो. ‘स्वेड’ हे फ्रेंच भाषेतले स्वीडन देशाचे नाव. ‘स्वीडनचे हातमोजे’ म्हणून जे मऊ मोजे फ्रान्समध्ये ओळखले जात, त्यांच्यावरून ते कातड्यालाच चिकटले. कातड्याला बाजू दोन : केसांची वरची आणि मांसाकडची आतली. साध्या बुटात गुळगुळीत वरची बाजू बाहेर असते. स्वेडमध्ये आतला भाग घासून, त्याची मखमलीसारखी लव उभी करून तोच बाहेर ठेवतात. म्हणजे या जोड्याला कवच असे नाहीच. पॉलिशचे मेण त्याची लव चिकटवून टाकते. पाणी डाग ठेवून जाते आणि कातडे ताठ करते.

तेव्हा नियम एकच : आधी कोरडा उपाय, ओला अगदी शेवटी, आणि घाई कधीच नाही.

बुरशी आलेला जोडा घरात झटकू नये. गच्चीत किंवा अंगणात न्यावा, नाकाला रुमाल बांधावा आणि मऊ ब्रशाने ती झाडून काढावी. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये फडके किंचित ओले करून हलकेच टिपावे. त्याआधी जिभेखालच्या न दिसणाऱ्या भागावर रंग उतरत नाही ना, हे पाहून घ्यावे. जोडा वाळवायचा तो सावलीत, वाऱ्यावर. उन्हात रंग विटतो आणि चुलीच्या धगीने कातडे कडक होते.

चिखल लागला तर तो पुरता वाळू द्यावा, मगच झाडावा. ओला चिखल घासणे म्हणजे तो लवेत जिरवणे. दिवाळीत पणतीचे नाही तर चिवड्याचे तेल सांडायचेच. ते कोरड्या कापडाने टिपून त्यावर मक्याचे पीठ किंवा टाल्कम पावडर पसरावी आणि रात्रभर तशीच राहू द्यावी. सकाळी ब्रश फिरवावा. डाग उरला तर पुन्हा तेच करावे. रांगोळीचा रंग उडाला तर फक्त झटकावा, पाण्याचा हात लावू नये. घासून चकाकू लागलेल्या जागी मुलांच्या दप्तरातले स्वच्छ पांढरे खोडरबर कामी येते. लव बसली असेल तर चहाच्या आधणाच्या वाफेवर जोडा क्षणभर दुरून धरावा आणि एकाच दिशेने ब्रश करावा.

ठेवताना आत कोरे कागद कोंबावेत आणि जोडा सुती पिशवीत घालावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात शाल पुन्हा तयार!

आता प्रश्न, हे करायचे कोणी? आपल्याकडे हे काम मोलकरणीवर किंवा कोपऱ्यावरच्या कारागिरावर ढकलण्याची रीत आहे. माझे म्हणणे, ज्याचा जोडा त्याने तो साफ करावा. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण सहज तोंडावर फेकतो. पण ती माणसांना त्यांची पायरी दाखवण्यासाठी वापरली गेली, हे विसरतो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावले आणि जोडे शिवले, त्यांचा जोडा आपल्याला चालला, पण त्यांना मात्र आपण उंबऱ्याबाहेर ठेवले. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत स्वतः चपला शिवल्या आणि १९१४ मध्ये निघताना ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकले होते त्या जनरल स्मट्स यांना एक जोड भेट दिला. कातड्याला हात लावल्याने त्यांचे काही उणे झाले नाही.

आपल्याला तर जोडा शिवायचाही नाही. पाच मिनिटे ब्रश फिरवायचा आहे. एवढे करताना टाक्यांची ओळ नीट पाहावी. ती किती सरळ आहे, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मुलांनाही शेजारी बसवावे. जोडा कसा जपावा हे ती शिकतीलच. तो करणाऱ्याचे नाव शिवीसारखे घेऊ नये, हेही त्यांना तिथेच सांगता येईल. दिवाळीच्या साफसफाईत तेवढी एक जळमट निघाली तरी पुष्कळ झाले.