गुरुजी, गावासाठी काय करू?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. भाताची कामं, गुडघेदुखी आणि आळस, तिन्ही कारणं खरी आहेत.

मागच्या निवडणुकीच्या आधीची गोष्ट. सकाळी अंगणात पेपर वाचत बसलो होतो, तर दारात दोन मोठ्या गाड्या येऊन थांबल्या. उतरला तो माझाच जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही. शाळेत असताना गणितात कच्चा पण बोलण्यात पक्का, म्हणजे पुढे काय होणार ते तेव्हाच दिसत होतं! पाया पडला, ओसरीवर बसला, चहा झाला. मग म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगा, गावासाठी काय करू? देवळापुढे सभामंडप देऊ, का वेशीवर कमान?"

मी म्हटलं, "अरे, कमान कशाला? तिच्याखालून आत यायला माणूस तरी राहू दे गावात."

सगळे हसले. तोही हसला. पुढच्या गावाला जायचं होतं, निघून गेला. आणि मग दिवसभर मला चुकल्यासारखं वाटत राहिलं. त्याने प्रश्न विचारला होता आणि मी नुसता टोमणा मारला. जन्मभर पोरांना "उत्तर पूर्ण वाक्यात लिहा" म्हणून सांगणाऱ्या मास्तराने स्वतः मात्र पेपर कोरा ठेवला. म्हणून आज ते उत्तर लिहितोय. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी.

आधी आमच्या गावाबद्दल थोडं. मुठा हे मुळशी तालुक्यातलं, मुठा नदीच्या खोऱ्यातलं गाव. पुण्याहून पिरंगुटवरून आलं की लवासाच्या रस्त्यावर लागतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पावसाळ्यात गाडीच्या काचेतून पाहिलं असेल. हिरवीगार खाचरं, धुकं, मक्याची कणसं भाजणाऱ्या बाया. फोटोला फार छान. पण फोटोत एक गोष्ट दिसत नाही. खाचरात वाकून आवणी करणाऱ्या माणसांत चाळिशीच्या आतलं कुणी शोधून सापडत नाही. पोरं पिरंगुटच्या कारखान्यांत, नाहीतर पुण्यात. शनिवार-रविवारी येतात, देव करतात, तांदूळ घेऊन जातात. माझा मुलगासुद्धा कोथरूडला. त्याला दोष कसा देऊ? शीक आणि बाहेर पड, असं मीच त्याला शिकवलं.

आणखी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. मुलाच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी माळावरची बारा गुंठे जमीन मी पुण्याच्या एका गृहस्थांना विकली. तिथे आज तारेचं कुंपण आणि कुलूप आहे. वर्षातून चार दिवस दिवा लागतो. त्या वाटेने सौभाग्यवतींना गौरीसाठी तेरडा आणायला जाता येत नाही, आणि त्या मला तसं दर भाद्रपदात ऐकवतात. तेव्हा गावं नुसती पुढाऱ्यांनीच ओस पाडली असं मी म्हणणार नाही. आमचाही हात त्यात आहे.

पण माणूस जमीन विकतो ती मौज म्हणून नाही. पोराचं शिक्षण, घरातलं आजारपण आणि मुलीचं लग्न, या तीन गोष्टींसाठी विकतो. पहिल्या दोन गोष्टी गावाजवळ मिळाल्या असत्या तर निम्म्या जमिनी वाचल्या असत्या, असं मला वाटतं. आणि त्या दोन्ही राजकारण्यांच्या हातातल्या आहेत.

शाळेचंच घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारकडून समूह शाळांचा विचार पुढे आला. वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करायच्या, मुलांना गाडीने मोठ्या शाळेत न्यायचं. राज्यात अशा शाळा १४,७८३ आणि मुलं १ लाख ८५ हजार, असा तेव्हाचा आकडा होता. नमुना म्हणून आमच्या शेजारच्या खोऱ्यातल्या पानशेतच्या शाळेचं नाव घेतलं होतं. मी मास्तर आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. चार पोरांच्या शाळेत खेळायला गडी मिळत नाही, एकच शिक्षक सगळे वर्ग सांभाळतो, हे खरं आहे. मोठ्या शाळेत मूल खुलतं, हेही खरं.

पण आमच्या खोऱ्यात जुलै महिन्यात पाऊस कसा असतो ते पाहिलंय का कुणी? ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडे आणि पोरं पलीकडे. सहा वर्षांच्या पोरीला आई एकटी किती दिवस पाठवेल? आठ दिवस पाठवेल, मग स्वतःच बिऱ्हाड हलवेल. एका वाडीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. आधी मास्तर गेले, मग आया गेल्या, मग म्हातारी माणसं उरली. संध्याकाळची गाडीही पुढे बंद झाली, कारण बसायला माणूस नव्हता. शाळेला पट नाही म्हणून शाळा काढायची, आणि शाळा नाही म्हणून पट येत नाही. हे गणित माझ्या त्या कच्च्या विद्यार्थ्यालाही समजावं.

आता म्हणाल, राजकारण्यांकडून काही होत नाही, ते सगळे सारखेच. मी असं म्हणत नाही. आमच्या पिढीने होताना पाहिलंय. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. 'मागेल त्याला काम' ही कल्पना त्यांची. १९६९ साली तासगाव तालुक्यात ती करून पाहिली, १९७२ च्या दुष्काळात अशाच कामांनी माणसं तगली, १९७७ साली कायदा झाला आणि २००५ साली दिल्लीने त्याच वाटेने देशासाठी कायदा केला. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची आहे. या कामाला पैसा कुठून आणायचा, तर शहरातल्या नोकरदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसवला. पगाराच्या पावतीवर तो कापलेला दिसला की आम्ही शिक्षक कुरकुरायचो. पण त्यातून कुठेतरी एक नालाबांध होत होता. १९९० पासून त्याच रोजगार हमीतून फळबागा दिल्या गेल्या आणि कोकणातल्या कितीतरी उजाड डोंगरांवर आंबा-काजू उभा राहिला. माणूस मुंबईला गेला तरी बागेसाठी परत येऊ लागला. यात कमान नाही आणि पैठणीचा खेळही नाही. विचार करून केलेला कायदा आणि त्याला जोडलेला पैसा, एवढंच आहे.

आता हेच आमच्या पाण्याला लावून बघा. टेमघर धरण आमच्याच नदीवर. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. त्यावर पुणे शहर पाणी पितं आणि पार दौंड-इंदापूरपर्यंत शेती होते. होऊ दे, पाणी काही कुणाच्या बापाचं नाही. पण धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमध्ये एप्रिल-मे मध्ये बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. मुळशीला ही गोष्ट नवी नाही. १९२१ साली सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो याच तालुक्यात. मावळ्यांनी तुरुंग सोसला, धरण झालंच. वीज मुंबईला गेली.

न्यू जर्सीला असलेल्या माझ्या पुतण्याने मला एक गोष्ट सांगितली. न्यूयॉर्क शहराचं बरंचसं पाणी कॅटस्किल नावाच्या डोंगरातून येतं. १९९७ साली शहराने वरच्या गावांशी करार केला. तुम्ही पाणी स्वच्छ राखा, त्यासाठी लागणारा पैसा आम्ही देतो. गाळण्याचा प्रचंड कारखाना बांधण्यापेक्षा शहराला हे स्वस्त पडलं आणि गावांनाही आधार मिळाला. आमच्या आमदार-खासदारांनी असा एक करार पुण्याशी करून दाखवावा. पाणीपट्टीतला लहानसा वाटा खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींना, कायद्याने, दर वर्षी. ती भीक नाही, आमच्या डोंगराचं भाडं समजा!

दुसरी गोष्ट अधिकाराची. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा मी शाळकरी पोर होतो. आता निर्णय गावात होणार, असं मोठी माणसं कौतुकाने बोलायची. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तर ग्रामसभेला घटनेतच जागा दिली. आणि झालं काय? २००८ साली सरकारने लवासाच्या कंपनीलाच नियोजन प्राधिकरण करून टाकलं. म्हणजे शेजारच्या मोसे खोऱ्यात कुठे काय बांधायचं ते ग्रामसभा नाही, कंपनी ठरवणार. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. सरपंच थेट निवडायचा की सदस्यांनी, याचा नियम २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदा फिरला. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली, ती पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी तिथे प्रशासकच होता. शाळेच्या गळक्या छपराचं कुणाला सांगायचं, तर सदस्यच नव्हता. विधानसभेची निवडणूक अशी लांबलेली कुणी खपवून घेतली असती का?

याउलट नगरकडचं हिवरे बाजार बघा. पाऊस आमच्या खोऱ्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. ग्रामसभेने ठरवलं, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, जमीन बाहेरच्याला विकायची नाही, आणि दर वर्षी पाण्याचा हिशेब मांडायचा. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. ते वाचताना मला माझे बारा गुंठे आठवले आणि पुस्तक मिटून ठेवलं.

खोरं सोडून समुद्राकडे गेलं तरी रड तीच. माझे एक शिक्षक मित्र हर्णैचे. ते सांगतात, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ सालीच बंदी घातली, राज्याने २०२१ साली दंड लाखांवर नेला. पण रात्री समुद्रात पाहायला जायचं कुणी? छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात उरतो तो कचरा. मग त्याचा मुलगा हॉटेलात वेटर होतो. नुसता कायदा करून भागत नाही, तो राबवायला नाव आणि माणूसही द्यावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, ते चांगलंच झालं. त्याचा लाभ होडीवाल्यापर्यंत पोहोचतो का, ते पाहायचं.

तर बाबा, माझं उत्तर असं. कमान नको, मंडप नको, आमच्या बायकांना देवदर्शनाची बसही नको. खारावड्याच्या म्हसोबाला त्या चालत जातील. वाडीतली पहिली ते चौथीची शाळा पट कितीही असो राहू दे, पाचवीपासून मोठ्या शाळेत नेण्यासाठी पावसात चालणारी गाडी दे. आठवड्यातून दोन दिवस तरी नर्स येईल असं कर. आमच्या इंद्रायणी तांदळाला दलालाशिवाय पुण्यात विकायला जागा दे. पाण्याचा वाटा दे. आणि ग्रामसभेने 'नाही' म्हटलं तर ते 'नाही' ऐकायची सवय कर. यातल्या कशावरही तुझं नाव कोरता येणार नाही, हे मला माहीत आहे. पण दहा वर्षांनी तू मत मागायला येशील तेव्हा दार उघडायला कुणीतरी असेल.

त्याने हे वाचलं तर बरं. नाही वाचलं तर पुढच्या वेळी चहाबरोबर छापून हातात देईन. सौभाग्यवती म्हणतात, "आधी स्वतःच्या मुलाला विचारा, तो परत येईल का?" विचारलं. तो म्हणाला, "बाबा, शाळा असेल तर बघू."

'नाही' म्हणाला नाही, एवढं माझ्यासाठी सध्या पुष्कळ आहे.

असो. दिवाळीला येणाऱ्यांनी आधी कळवा, नवा तांदूळ भरडून ठेवतो.