'चोरणे' आणि 'लुटणे' : समानार्थाचा भ्रम

इंग्रजीच्या वर्गात 'स्टील' आणि 'रॉब' ही क्रियापदे बहुधा एकाच ओळीत उरकली जातात. दोन्हींचा अर्थ 'चोरणे', म्हणून ती 'समानार्थी'. या शिक्क्यामुळे केवळ व्याकरणाच्या चुका होतात असे नाही. तो साहित्याच्या वाचनातही आडवा येतो, असे माझे मत आहे.

भेद तसा साधा आहे. आजच्या प्रमाण इंग्रजीत 'स्टील'चे कर्म म्हणजे चोरलेली वस्तू. 'रॉब'चे कर्म म्हणजे जिचे काही गेले ती व्यक्ती, किंवा जागा. मराठीतील 'लुटणे' मात्र दोन्ही कर्मे घेते : दागिने लुटले, प्रवाशाला लुटले. त्यामुळे आपला विद्यार्थी दागिनेही सहज 'रॉब' करतो. 'म्हणणे'चेही तसेच. 'तो मला म्हणाला' हे निर्दोष मराठी आहे. पण 'टेल'प्रमाणे 'से' श्रोत्याला थेट कर्म करून घेत नाही, त्याला 'टू' लागते. म्हणजे चूक शब्दार्थाच्या अज्ञानातून नव्हे, तर क्रियापदाभोवतीच्या रचनेच्या अज्ञानातून होते. ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ साली जपानमध्ये प्रसिद्ध केलेल्या विद्यार्थी-कोशात क्रियापदांच्या वाक्यरचनांना मध्यवर्ती स्थान दिले, ते याच जाणिवेतून.

आता 'ऑथेल्लो'च्या तिसऱ्या अंकातील तिसरा प्रवेश पाहू. पैशाच्या थैलीविषयी बोलताना इयागो 'स्टील' वापरतो. नावलौकिकाविषयी 'फिल्च', म्हणजे भुरट्या चोराने काही लांबवावे तसे. आणि लगेच, ज्याचे नाव गेले त्याच्यासाठी 'रॉब'. तिन्ही जागी 'चोरणे' ठेवले, तर वस्तूवरून माणसाकडे सरकणारा त्याचा डाव दिसेनासा होतो. याच प्रवेशात पुढे ऑथेल्लो चोरीला गेलेली वस्तू आणि लुटला गेलेला माणूस यांना एकाच विधानात समोरासमोर आणतो. हानी कळलीच नाही, तर माणूस लुटला गेला असे म्हणता येत नाही, असा त्याचा युक्तिवाद. शोकांतिकेचे मर्म इथेच आहे. डेस्डिमोना निष्ठावंत आहे; तिचे प्रेम कोणीही चोरलेले नाही. तरीही ऑथेल्लो पुरता लुटला गेला आहे.

परीक्षेपुरती यादी पुरे, या आक्षेपामागची शिक्षकाची अडचण मी नाकारत नाही. पण यादी पाठ करायलाही वेळ लागतोच. त्याच वेळात प्रत्येक क्रियापदाचे एक वाक्य देता येईल; एकाच्या जागी दुसरे घालून काय बिघडते, हे विचारता येईल. 'समानार्थी शब्द लिहा' या प्रश्नाऐवजी 'हाच शब्द का?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला, तर भाषेचा तास आणि साहित्याचा तास यांतील भिंत बरीच खाली येईल.