चीर आणि चीवर

चीर आणि चीवर हे शब्द कानाला सख्ख्या भावांसारखे वाटतात आणि बोलण्याच्या ओघात एकाच्या जागी दुसरा सहज येतो. आम्हास ही अदलाबदल मान्य नाही. चीर म्हणजे कापडाचा तुकडा, चिंधी, वल्कल; मराठीत त्याला स्त्रीच्या उंची वस्त्राचाही अर्थ आहे. चीवर मात्र भिक्खूचेच. संघाटी, उत्तरासंग आणि अंतरवासक ही ती तीन चीवरे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक कथा आहे. दक्षिणगिरीकडे चारिका करीत असता तथागतांनी मगधातील बांध घातलेली चौकोनी शेते पाहिली आणि तशी चीवरे करता येतील काय, असे आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे जोडून तशी चीवरे सिद्ध केली. कापड कापल्याने चोराचा लोभही गेला.

आरंभी भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचीत. त्यांस पांसुकूल म्हणत. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेली वस्त्रेही चालू लागली, तरी ज्याला पांसुकूल हवे त्याला ती मोकळीक राहिली. आता मनुस्मृतीचा दहावा अध्याय पाहावा. तेथेही प्रेताचीच वस्त्रे आहेत, पण ती चांडाळांनी वापरावीत असा दंडक आहे. स्मशान तेच, कापडही तेच. एकाने ते स्वतः उचलले, दुसऱ्यावर ते लादले गेले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले आणि त्याच वेळी बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची तऱ्हा सोडावयास सांगितले. हे दोन्ही एकाच लढ्याचे भाग होते, असे आम्ही मानतो.

हे येथे लिहिण्याचे कारण आपले वसतिगृह. पुण्यतिथी, वाढदिवस अशा निमित्ताने जुन्या कपड्यांची गाठोडी येथे येतात. देणाऱ्यांच्या भावनेविषयी आम्हास शंका नाही. परंतु बटणे तुटलेला सदरा मुलाच्या हाती ठेवून त्यास चीवरदानाच्या पंक्तीत बसविणे योग्य नव्हे. भिक्खूने चिंधी निवडली होती. आपल्या मुलास नको म्हणण्याचीही सोय नसते. (साधेपणाचा उपदेश करणारे आम्ही प्रौढ स्वतः समारंभास इस्त्रीचे कपडे घालून येतो, हेही ध्यानी असावे.) म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती की, द्यावयाचे तर नव्या कापडाचा तागा द्यावा. गणवेशाचा रंग ठरलेलाच आहे. सुटीच्या दिवशीच्या कपड्यांचा रंग मात्र शिंपी माप घेईल तेव्हा मुलामुलींनाच विचारला जावा.