शब्दांची मशागत

लोणावळ्याजवळच्या कुसगावात आषाढात भाताची लावणी होते आणि श्रावणात खाचरांतून निंदणी चालते. शिवारात तण उपटले जात असताना त्याच गावच्या मुलाने ‘वीड आउट’चा अर्थ यादीवरून घोकावा, हा भाषाशिक्षणातील मोठाच विपर्यास होय.

महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणले. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाची चर्चा पुष्कळ झाली. ते शिकवावे कसे, याची मात्र त्या मानाने थोडी. क्रियापदाला ‘आउट’, ‘बॅक’ असे शेपूट जोडले की अर्थ पालटतो आणि विद्यार्थी अडखळतो. परंतु ही रीत मराठीला परकी नाही. कामाला जुंपणे, खर्चाला वेसण घालणे, कोठेतरी पाणी मुरणे हे प्रयोगही सुट्या शब्दांच्या बेरजेने उलगडत नाहीत. शेत आणि गोठा ठाऊक असला, म्हणजे उलगडतात.

साम्याइतकाच भेदही बोधप्रद आहे. हिरवे पीक नांगरून मातीत गाडले की जमिनीचा कस वाढतो. म्हणून ‘प्लाऊ बॅक’ म्हणजे नफा पुन्हा धंद्यात घालणे. मराठीत मात्र ‘नांगर फिरवणे’ म्हणजे सर्वनाश. पुण्यावर फिरलेल्या गाढवाच्या नांगराची आठवण त्यामागे उभी राहते. ‘फार्म आउट’चा तर नांगराशी संबंधच नाही. ‘फार्म’ म्हणजे मुळात ठरावीक खंड. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत महसूल मक्त्याने दिला जाई, तशातलाच हा व्यवहार.

शब्दकोश असताना ही यातायात कशाला, असे कोणी विचारील. कोशातून अर्थ मिळतो. पण ज्याचे कारण कळले, तो अर्थ सहसा विसरत नाही. शिवाय वेळ थोडा आहे. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कुसगावाला लागूनच जातो आणि त्याच्या आसपास शेतीची जागा इमारती घेत आहेत. ज्याने राब भाजताना पाहिला नाही, जू आणि वेसण पाहिली नाही, त्या मुलाला उद्या स्वभाषेतील वाक्प्रचारही इंग्रजीसारखेच पाठ करावे लागतील. मग दोन्ही भाषा त्याला सारख्याच परक्या.

तेव्हा फळ्यावर यादी लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी वर्ग एकदा बांधावर न्यावा आणि शेती करणाऱ्या पालकालाच तेथे बोलते करावे. त्याला ना अनुदान लागते, ना शासनाचे परिपत्रक. मशागत न करता पिकाची आशा धरू नये, एवढे शेतकरी जाणतो. शाळेनेही ते जाणावे.