मानवंदना पावलांनी द्यावी

देशासाठी प्राण देणाऱ्या सैनिकाचे स्मरण समाजाने कसे करावे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. पुष्पचक्र अर्पण करावे, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे, एखादे ओजस्वी भाषण ऐकावे आणि आपापल्या घरी जावे, अशी रीत पडून गेली आहे. या रीतीत अनादर नाही. परंतु तिच्यात आपले काही खर्चीही पडत नाही. ज्या स्मरणात देहाला श्रम नाहीत आणि खिशाला तोशीस नाही, ते स्मरण अपुरे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून आपल्या निवासी शाळेने, तिच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि नामपूर परिसरातील समाजबांधवांनी दरवर्षी ७ डिसेंबर रोजी शहिदांच्या स्मरणार्थ दीर्घ पदयात्रा काढावी आणि तिच्यातून उभा राहणारा पैसा सैनिकांच्या कुटुंबांसाठी द्यावा, ही सूचना या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही मांडत आहोत.

चालणे ही आपल्या चळवळीची जुनी भाषा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्यापर्यंत चालत गेले. २ मार्च १९३० रोजी आपल्याच जिल्ह्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तोही मिरवणुकीनेच. १९७९ साली नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. ज्यांना वाहन नव्हते, सत्ता नव्हती, वृत्तपत्रे नव्हती, त्यांच्याजवळ पाय होते आणि त्या पायांनी इतिहास घडविला.

परंतु आमच्या सूचनेला याहूनही जुना आधार आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईविषयी आपल्या सभांमधून पुष्कळ बोलले जाते. त्या लढाईच्या आदल्या रात्रीविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. ३१ डिसेंबर १८१७ रोजी रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टॉन्टन याच्या हाताखालील तुकडीने शिरूर सोडले. तिच्यात मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० शिपाई होते; घोडदळ आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा धरून एकूण संख्या ८३४ होती. हे लोक थंडीच्या रात्री सुमारे ४० किलोमीटर चालले आणि सकाळी दहाच्या सुमारास भीमेकाठी पोहोचले. तेथे विसावा नव्हता. समोर पेशव्यांची प्रचंड फौज उभी होती. अन्नपाण्यावाचून त्यांनी दिवसभर आणि रात्र पडल्यावरही गाव लढविले. त्या दिवशी ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून २७५ माणसे या तुकडीने गमावली. म्हणजे ज्या शौर्याला आपण वंदन करतो, त्याचा पूर्वार्ध रात्रभराची पायपीट हाच होता. त्यांच्या स्मरणार्थ चालणे ही परदेशातून उसनी आणलेली कल्पना नव्हे.

परदेशातही हाच विचार लोकांना सुचला आहे. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४२ मध्ये, फिलिपिन्समधील बताान येथे शरण आलेल्या हजारो अमेरिकन आणि फिलिपिनो सैनिकांना जपानी फौजेने उपाशीतापाशी पायी चालविले. वाटेत असंख्य मेले. त्यांच्या स्मरणार्थ अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात १९८९ पासून पदयात्रा निघते. तिचे पूर्ण अंतर सुमारे ४२ किलोमीटर आहे. काही जण पाठीवर ३५ पौंडांचे ओझे घेऊन वाळवंटातून चालतात. शिरूर ते कोरेगाव हे अंतरही जवळपास तेवढेच भरावे, या योगायोगात आम्हांला अर्थ दिसतो. एका दिवसात माणसाचा देह जेथे थकून बोलू लागतो, ते अंतर साऱ्या जगात सारखेच असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप इतिहासाचा आहे. ‘हे शिपाई कंपनी सरकारसाठी लढले, त्यांचे गौरवगान कशासाठी?’ असे विचारले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रश्नापासून पळून जाऊ नये. तो स्तंभ कंपनीने स्वतःच्या गौरवासाठी उभारला, हे खरे आहे. पेशव्यांच्या फौजेत अरब होते, कंपनीच्या पलटणीत अनेक जातिधर्मांचे लोक होते, हेही खरे आहे. परंतु दगड कोणी उभारला यापेक्षा त्या दगडावरचे नाव कोणी वाचले, हा प्रश्न मोठा आहे. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्याचे नाव दगडावर कोरले गेले आणि पुढच्या पिढ्यांनी ते पुरावा म्हणून हाती घेतले. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी सरकारकडे दाद मागितली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज धाडला. पूर्वजांची लष्करी सेवा हाच त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभासमोर उभे राहिले आणि अवघ्या तीन महिन्यांच्या आत महाडचे तळे खुले झाले. त्यांनी स्तंभाकडून कंपनीची निष्ठा घेतली नाही, स्वाभिमान घेतला. १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या पहिल्या बोधचिन्हावर हाच स्तंभ विराजमान झाला. स्वतंत्र भारतात त्याच रेजिमेंटने या देशाच्या सीमा राखल्या आहेत.

येथे एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. त्या स्तंभावर धारातीर्थी पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ येते. ती आपल्या पूर्वजांची. आपल्या व्याख्यानांतून २२ हा आकडा दुमदुमतो. उरलेल्या २७ जणांचे काय? तेही त्याच रात्री चालले, त्याच तहानेने तळमळले, त्याच मातीत पडले. शतकानुशतके आपली नावे कोणी घेतली नाहीत, ही आपली वेदना आहे. मग तीच वागणूक आपण दुसऱ्याला कशी देणार? जातीची भिंत पाडण्याचे व्रत घेतलेल्यांनी मृतांमध्ये जातीची भिंत घालू नये. पदयात्रेच्या आरंभी विद्यार्थ्यांनी सर्वच्या सर्व ४९ नावे मोठ्याने वाचावीत, असा आमचा आग्रह आहे. महार रेजिमेंटचे परमवीरचक्र विजेते मेजर रामास्वामी परमेश्वरन् हे जन्माने महार नव्हते. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावून घेतली आणि आपल्या जवानांना आज्ञा देत देत प्राण सोडला. ते आपले नाहीत, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप धम्माच्या बाजूने येतो. ‘अहिंसा शिकविणाऱ्या बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या शाळेने सैनिकांचा गौरव का करावा?’ हा प्रश्न आम्हांला मुलांनीच वर्गात विचारला आहे आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड यांत भेद केला आहे. बुद्धाची अहिंसा दुबळ्याला अन्यायापुढे मान तुकवायला सांगत नाही. ती मनातील द्वेष उपटून टाकायला सांगते. म्हणूनच आपल्या पदयात्रेत कोणत्याही देशाविरुद्ध, कोणत्याही समाजाविरुद्ध घोषणा नसावी. आपण युद्धाचा उत्सव करण्यासाठी चालणार नाही. युद्धाची किंमत ज्यांनी चुकविली त्यांच्यासाठी चालणार आहोत. ती किंमत सैनिकाबरोबर संपत नाही. त्याची पत्नी, त्याचे आईवडील, शाळेत जाणारी त्याची मुले पुढे वर्षानुवर्षे ती फेडत राहतात.

तथागतांच्या उपासकांत सिंह नावाचा एक सेनापती होता. तो वैशालीचा, पूर्वी निगंठांचा अनुयायी. तो बुद्धाला शरण गेला, तेव्हा तथागतांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या: नीट विचार करून निर्णय घे, आणि निगंठांना तुझ्या घरून मिळणारे दान बंद करू नकोस. दान आपल्यातुपल्यात वाटून घ्यायचे नसते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी एका सैनिकालाच सांगितले गेले. म्हणून आपला निधीही केवळ आपल्या समाजातील सैनिक कुटुंबांपुरता राखून ठेवू नये. ७ डिसेंबर हा १९४९ पासून देशभर ध्वजदिन म्हणून पाळला जातो. वीरपत्नी, युद्धात अपंग झालेले जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी त्या दिवशी निधी गोळा होतो आणि आपल्याकडे ते काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत चालते. आपली रक्कम तेथेच, पावती घेऊन, जमा करावी. शिवाय हा दिवस ६ डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी येतो. महापरिनिर्वाण दिनी आपण जे अश्रू ढाळतो, त्यांना दुसऱ्या दिवशी कृतीचे रूप मिळावे, यापेक्षा उचित अभिवादन कोणते?

‘पैसेच द्यायचे तर चालायचे कशाला?’ असा तिसरा आक्षेप व्यवहारी मंडळी घेतात. उत्तर सोपे आहे. धनादेश लिहायला एक मिनिट लागते आणि विसरायला त्याहून कमी. दुसरे असे की, धनादेश फक्त ज्याच्याजवळ आहे तोच देऊ शकतो. शेतमजुराच्या मुलीजवळ देण्यासाठी पैसा नसेल. पण ती १५ किलोमीटर चालू शकते. तिच्या प्रत्येक किलोमीटरमागे नोकरीपेशातील एखाद्या माजी विद्यार्थ्याने ठरावीक रक्कम देण्याचे आधीच कबूल करावे. चालली ती, दिले त्याने. पुण्य कोणाचे मोठे, हे मोजत बसण्याचे कारण नाही. मदत घेणाऱ्या वीरपत्नीलाही ही भीक वाटणार नाही, कारण तिच्यासाठी कोणीतरी घाम गाळला आहे.

पदयात्रा कशी असावी, हेही सांगून टाकतो. मोसम खोऱ्यात त्या दिवसांत कांद्याच्या लागणीची धांदल असते. पालकांचा रोज बुडू नये म्हणून पहाटे निघावे. आठवीपुढील मुलामुलींनी झेपेल तेवढे, प्रौढांनी इच्छा असल्यास पूर्ण ४० किलोमीटर चालावे. वाटेत पाणी, प्रथमोपचार आणि थकलेल्यांसाठी एक वाहन असावे. डीजे नसावा, पुढाऱ्यांच्या छबीचे फलक नसावेत, मोटारसायकलींचा ताफा नसावा. प्रत्येक विद्यार्थ्याने एका शहिदाचे नाव, गाव आणि वीरमरणाची तारीख वहीत लिहून आणावी व मुक्कामाच्या ठिकाणी ती सर्वांना वाचून दाखवावी. बागलाण तालुक्यातील माजी सैनिकांना अग्रभागी चालण्याची विनंती करावी, मग ते कोणत्याही जातीचे असोत. जमाखर्चाचा कागद आठवड्याच्या आत शाळेच्या फलकावर लागावा.

यात मोठा खर्च नाही, शासनाची मंजुरी मिळविण्याची दीर्घ यातायात नाही. लागेल ती फक्त शिस्त, आणि ती सैनिकांच्या वारसांना शिकवावी लागू नये. स्तंभ एकदाच बांधला जातो. स्मरण मात्र दरवर्षी नव्याने बांधावे लागते. या शाळेतून बाहेर पडलेल्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने येत्या ७ डिसेंबरला त्यासाठी एक दिवस आणि दोन पाय द्यावेत, एवढेच आमचे मागणे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!